मेलेल्या कागदाचा नंबर

मी माझ्या बायकोवर जळत होतो. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. मागे ठेवलं तर हात आखडेल, आणि मी तुम्हाला कोर्टातल्या गमतीजमती सांगून मोकळा होईन.

दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला, "नाना, वकिलाच्या ऑफिसात बत्तीस वर्षं काढलीत, काहीतरी लिहा की." माझं शिक्षण चौथी. लिहिणं हे आमच्या घरात बायकोचं खातं. सुशीला दहावी पास, अक्षर छापल्यासारखं. ती गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी गेली. म्हणून हे मी लिहितोय, आणि चुकलं तर सुधारून द्यायला घरात कोणी नाही.

ऑफिस धुळ्याला, कोर्टापासून चालत पाच मिनिटं. वकीलसाहेब फक्त जमिनीचे दावे घ्यायचे. वाटण्या, बांध, विहिरी, वारसाच्या नोंदी. मी तिथं दफ्तरी. दफ्तरी म्हणजे शिपाई, असं लोक समजतात. शिपाई चहा आणतो, दफ्तरी कागद आणतो. साहेबांनी आतून हाक मारावी, "नाना, पिंपळनेरची विहीर!" आणि मी पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत तो गठ्ठा त्यांच्या टेबलावर आणून टाकावा. मागच्या खोलीत भिंतभर मांडण्या, मांडण्यांवर लाल कापडाचे रुमाल, रुमालात लाकडी फळीवर बांधलेले गठ्ठे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं नंबर.

माझा एक नियम होता. गठ्ठ्यातला कागद कायमचा बाहेर गेला, फाटला, पक्षकारानं परत नेला, तर त्याच्या जागी एक कोरी चिठ्ठी लावायची. तिच्यावर तोच नंबर घालायचा आणि शब्द एकच लिहायचा, 'गेला'. तो नंबर पुन्हा कोणाला द्यायचा नाही. मेलेल्या कागदाचा नंबर मेला. हे मी ठेच खाऊन शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एकदा रिकामा झालेला सात नंबर मी नव्या कागदाला दिला. साहेब कोर्टात उभे राहून ऐटीत म्हणाले, "सात नंबरचा कागद पाहावा," आणि न्यायाधीशांच्या हातात गेली कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका, वयाच्या पुराव्याला जोडलेली. साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंबर नुसता आकडा नसतो, तो शब्द दिलेला असतो, एवढं तेव्हा कळलं.

गठ्ठ्यांना नावंही मीच ठेवायचो. आमच्याकडे एका गावात एकाच नावाची पाच-पाच माणसं. त्यातल्या तीन दगडू पाटलांचे दावे आमच्याकडे होते. मी रुमालांवर लेबलं लावली. एक 'बहिरा दगडू', एक 'विहिरीवाला दगडू', एक 'दोन बायकांचा दगडू'. मला पुरत होतं. एक दिवस तिसरा दगडू आला, बरोबर त्याची मालकीण. मी गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. बाई शिकलेली निघाली. तिनं लेबल वाचलं आणि नवऱ्याकडे वळली.

"दोन बायकांचा? दुसरी कोण शे?"

दगडू माझ्याकडे बघतोय, मी छताकडे.

"नानाले माहीत शे, माले नही! वकिलले माहीत शे! बठ्ठा धुळाले माहीत शे!"

मग तिनं गठ्ठा उचलला आणि दगडूच्या पाठीत घातला. फळीसकट. साहेब आतून धावत आले. तो दावा आम्ही जिंकलो, पण दगडू पुन्हा ऑफिसची पायरी चढला नाही. साहेब मला म्हणाले, "नाना, नाव असं पाहिजे की ते कोणीही वाचलं तरी भांडण होऊ नये." मी मान हलवली. मनात म्हटलं, नाव असं पाहिजे की माणूस डोळ्यांपुढे उभा राहावा.

तर ते रुमाल शिवायची सुशीला, घरी. मुलगी नाशिकला सासरी गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा ती लेबलंही लिहायला लागली. दगडूच्या प्रकारानंतर साहेबांनी तिचं अक्षर पाहिलं आणि म्हणाले, "अक्कांना ऑफिसात घेऊन या. तुम्ही नुसतं सांगा, त्या लिहितील." मी आणली. माझ्या हातानं आणली. पहिली दोन वर्षं मी सांगायचो, ती लिहायची. तेवढं चांगलं चाललं होतं.

मग कॉम्प्युटर आला, स्कॅनर आला. मला बसायला सांगितलं तर मी म्हटलं, माझी बोटं जाड आहेत. सुशीला पन्नाशी ओलांडलेली, ती पदर खोचून बसली.

सुरुवातीचे काही महिने फार मजेत गेले. माझ्या. ऑफिसातला ज्युनिअर वकील स्कॅन करायचा आणि घाईत जे सुचेल ते नाव द्यायचा. 'नवीन', 'नवीन दोन', 'नवीन नवीन', 'पाटील फायनल', 'पाटील फायनल खरं'. साहेबांनी कागद मागितला की ज्युनिअर एकेक उघडून बघत बसायचा, आणि मी मागून गठ्ठा घेऊन यायचो. कॉम्प्युटरच्या खुर्चीला मुद्दाम घासून जायचो.

साहेबांनी मग एका सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं. हसरा माणूस. त्यानं दोन दिवस बसून कॉम्प्युटरमध्ये एक तक्ता तयार केला, त्याला तो डेटाबेस म्हणायचा. एका ओळीत एक कागद. गाव कोणतं, गट नंबर कोणता, कागद कसला, कोणाचा, कधी आला. तो म्हणाला, "अक्का, शेवटच्या खान्यात फाईलचं नाव तुम्ही टाइप करायचं."

सुशीला म्हणाली, "मी नाही टाइप करणार. आज एक नाव देईन, उद्या दुसरं. ह्यांच्यासारखं होईल."

आणि तिनं माझ्याकडे बघितलं. सॉफ्टवेअरवाला हसला. ज्युनिअर हसला. मीही हसलो, पण ते दातांपुरतं.

"मग कोण देणार नाव?" त्यानं विचारलं.

"यंत्रानं द्यावं. मी फक्त तालुका, गाव, गट निवडणार. त्यांचंच मिळून नाव होऊ दे, आणि मागं नंबर लागू दे."

बाहेरच्या लोकांना कळावं म्हणून सांगतो. कागदाचं चित्र कॉम्प्युटरमध्ये एका कप्प्यात जाऊन बसतं, आणि तक्त्यात असतं फक्त त्याचं नाव. जसं माझ्या मांडणीत गठ्ठा आणि माझ्या डोक्यात त्याचं नाव. तक्त्यातल्या नावावर बोट दाबलं की यंत्र कप्प्यात जाऊन त्याच नावाचं चित्र आणतं. म्हणून नाव पक्कं पाहिजे आणि एकाचं दुसऱ्याला नको. सुशीलानं ठरवल्याप्रमाणे बटण दाबलं की नाव आपोआप तयार व्हायचं, तालुका, गाव, गट आणि शेवटी तीन आकडी नंबर. नंबर कसा यायचा? त्या गटाचे किती कागद आधी आहेत ते यंत्र मोजायचं आणि त्यात एक मिळवायचं. चार असतील तर नवा पाचवा. टाइप करायला काही नाही, आठवायला काही नाही. स्कॅन केलेलं चित्र त्याच नावानं कप्प्यात जाऊन पडायचं. कप्प्यात त्या नावाचं चित्र आधी असेल तर यंत्र विचारतं म्हणे, जुनं पुसून नवं ठेवू का? पण कामात खोळंबा नको म्हणून ती विचारणा सॉफ्टवेअरवाल्यानंच बंद करून टाकली होती.

सहा महिन्यांत मागची खोली माझी राहिली नाही. साहेब आतून हाक मारायचे, "अक्का, पिंपळनेरची विहीर!" आणि मी सवयीनं उठायचो. उठून उभा राहायचो आणि मग उगाच खिडकी उघडायचो. तिला ऑफिसची फिरती, चाकांची खुर्ची आली. चहावाला पहिला कप तिच्यापुढे ठेवायला लागला. पक्षकार दारात चप्पल काढता काढता विचारायचे, "अक्का आहेत ना?" मी दारातच बसलेला असायचो. दगडूच्या गावचे लोकसुद्धा! घरी भाकरी थापताना ती म्हणायची, "आज साठ नावं पडली हो," आणि तिचा चेहरा असा दिसायचा, जसा लग्नानंतर मी फार वेळा पाहिला नव्हता. बायकोला आनंद झाला तर नवऱ्याला व्हावा. मला झाला नाही. उगाच गोड लिहिण्यात अर्थ नाही.

माझं काम उरलं एवढंच. स्कॅन झालेले मूळ कागद पक्षकारांना परत देणं. ते मी सरळ देत नव्हतो. पॅसेजमध्ये झेरॉक्स मशीन होतं. मी प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स काढायचो, मागच्या खोलीत नेऊन जुन्या पद्धतीनं नंबर टाकून रुमालात बांधायचो. कोणाला न सांगता. पहिल्या दिवसापासून. यंत्र एक दिवस पडणार, आणि त्या दिवशी सगळे माझ्या दाराशी येणार, या आशेवर.

एक दिवस मी तिच्या खुर्चीमागं उभा होतो. तिच्या हातून एक सातबारा दोनदा चढला होता. त्या गटाच्या पाच ओळी होत्या, त्यातली दुसरी तिनं पुसली. राहिल्या चार. मग नवा कागद ठेवला, बटण दाबलं. यंत्रानं मोजले चार, मिळवला एक, आणि नंबर दिला पाच. पाच नंबरचा कागद तर आधीच होता. तो तसाच खाली बसलेला, आणि त्याच्याखाली त्याच नावाची दुसरी ओळ. दोन ओळी, एक नाव. कप्प्यात नव्यानं जुन्याला गिळलं. आवाज नाही, काही नाही.

सुशीलाला दिसलं नाही, ती पुढच्या कागदाकडे वळली होती. मला दिसलं. इतक्या वर्षांत मला एवढीच एक विद्या आली होती, आणि ती बरोबर तिथंच लागू पडत होती. तोंडापर्यंत आलं, अगं थांब. तेवढ्यात ज्युनिअर जाता जाता म्हणाला, "अक्का, तुम्ही आहात म्हणून ऑफिस चाललंय."

मी तोंड मिटलं. म्हटलं, एकदा चुकू दे. एकदाच. साहेबांच्या समोर.

तीन महिने गेले. काही झालं नाही. रोज सकाळी मला वाटायचं आज होईल. आणि एका गुरुवारी भागाबाई आली.

भागाबाई पिंपळनेरच्या पलीकडची. नवरा गेल्यावर म्हाताऱ्या बापाला सांभाळायला माहेरी परतली होती. बापानं मरायच्या आधी एका कागदावर लिहून घेतलं, विहिरीजवळची पट्टी आणि तिच्यावरची खोली भागाची. खाली त्याचा अंगठा, दोन साक्षीदार, आणि भावाचाही अंगठा. बाप गेला, भाऊ फिरला. म्हणाला असा कागदच नाही. दावा आमच्याकडे. मूळ कागद आम्ही स्कॅन करून तिला परत दिला होता, आणि सोमवारी तो कोर्टात लागणार होता.

ती आली ती घाबरलेली. "अक्का, मना बापना कागद काढी दे वं. घरना कागद वाळवीनी खाई टाका. पेटीमा माती राहिनी फक्त."

"घाबरू नका मावशी, आपल्याकडे आहे," सुशीला म्हणाली. तिनं गाव निवडलं, गट निवडला, ओळ सापडली. बोट दाबलं.

पडद्यावर आली भावाच्या वकिलाची नोटीस.

पुन्हा दाबलं. नोटीस. खालच्या ओळीवर दाबलं. तीच नोटीस.

"हाऊ मना बापना कागद नही," भागाबाई म्हणाली. "मना बापना अंगठा कोठे शे?"

सुशीलाचा हात माउसवरून सुटला. मी दारातून बघत होतो. मला माहीत होतं काय झालंय. मला हेही माहीत होतं की मागच्या खोलीत, तिसऱ्या मांडणीवर, साक्री तालुक्याच्या रुमालात त्या अंगठ्याची झेरॉक्स आहे. वीस पावलं. मी गेलो नाही. बाहेर जाऊन तंबाखू मळत उभा राहिलो.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस ती सगळे कप्पे उलटे करत होती. सॉफ्टवेअरवाल्याला फोन झाले. तो म्हणाला, वरून दुसरी फाईल पडली, खालची परत येणं अवघड. ज्युनिअर आता "अक्का" म्हणताना आवाज खाली ठेवायला लागला. चहावाल्यानं कप माझ्यापुढे ठेवला. एवढ्या लवकर! मी तो प्यायलो. भागाबाई पायरीवर बसून राहायची, गावी जायला तयार नाही.

शुक्रवारी जेवताना सुशीला म्हणाली, "मागच्या खोलीत काही असेल का हो? जुन्या सवयीनं तुम्ही कधी ठेवलं असेल."

मी म्हटलं, "माझी खोली तर तुम्ही सगळ्यांनीच मोडीत काढली ना?"

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली.

शनिवारी दुपारी साहेब बाहेर आले. "अक्का, सोमवार होऊ द्या. मग या यंत्राचं आणि तुमच्या खुर्चीचं काय करायचं ते बसून ठरवू." सगळे तिथंच होते. साहेब, ज्युनिअर, भागाबाई. सुशीला उभी राहिली होती, खुर्चीच्या पाठीला धरून.

मी उठलो आणि आत गेलो. दया आली म्हणून उठलो असं लिहिलं तर तुम्ही मानाल, पण तसं नव्हतं. सगळे एका ठिकाणी होते, म्हणून उठलो. रुमाल काढला, फुंकर मारून धूळ उडवली, आणि गठ्ठा साहेबांच्या समोर ठेवला. "चार नंबर पाहावा साहेब." दोनदा चढलेला सातबारा माझ्या गठ्ठ्यात एकदाच होता, म्हणून यंत्रातला पाच माझ्याकडे चार.

साहेबांनी सोडला. बापाचा अंगठा, भावाचा अंगठा, साक्षीदार, सगळं. "नाना म्हणजे नाना!" साहेब ओरडले. "कोर्टात हीही नक्कलच, पण मूळ नष्ट झालं असेल तर नकलेवर अर्ज करता येतो." ज्युनिअरनं माझ्या पाठीवर थाप मारली. भागाबाई माझ्या पायावर वाकायला लागली, मी तिला धरलं. हे सगळं मी तीन वर्षं मनात रंगवलं होतं, अगदी असंच झालं. फक्त सुशीलाकडे बघायचं मी रंगवलं नव्हतं. ती तोंडाला पदर लावून रडत होती.

घरी जाताना रस्त्यात तिनं विचारलं, "कधी सापडला?"

"आजच."

"बरं," ती म्हणाली.

पुढं भावानं तडजोड केली. पट्टी भागाबाईची राहिली.

सुशीलानं सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून घेतलं. मोजून एक मिळवायचं नाही, त्या गटाचा सगळ्यात मोठा नंबर बघायचा आणि त्याच्या पुढचा द्यायचा. एका नावाची दुसरी ओळ यंत्रानं घ्यायचीच नाही. पुसायचं बटण काढून टाकलं. ओळ चुकली तर तिच्यापुढे खूण करायची, म्हणजे ओळ तशीच राहील, नंबर कोणाला मिळणार नाही. त्या खुणेच्या खान्याला तिनं नाव दिलं 'गेला'. साहेबांना म्हणाली, "ही ह्यांची चिठ्ठी आहे. मी फक्त यंत्रात लावली."

साहेबांनी माझं कौतुक केलं. मी आणखी जळालो. माझी इतक्या वर्षांची विद्या तिनं एका दुपारी घेतली, माझ्यापेक्षा चांगली बसवली, आणि वर माझ्याच नावावर लावून दिली. माणसानं इतकं बरोबर वागू नये. समोरच्याला उभं राहायला जागा उरत नाही.

त्यानंतर एकही कागद हरवला नाही. आम्ही दोघं एकाच दिवशी निवृत्त झालो. दोन नारळ, दोन शाली. माझ्या भाषणात मी दगडूची गोष्ट सांगितली. तिनं भाषण केलं नाही.

गेल्या वर्षी ती आजारी पडली, पोटाचं. सिव्हिलमध्ये सोळा दिवस होतो. सोळा दिवस मी तिच्या खाटेशी बसलो. मुलीचं बोललो, घराच्या पत्र्याचं बोललो, जामनेरला तिच्या माहेरी कोण कोण उरलंय ते मोजलं. ते एक सोडून सगळं बोललो. रोज ठरवायचो. डॉक्टर यायचे, नर्स यायची, मी म्हणायचो, आता हिला झोपू दे. सतराव्या दिवशी सांगायला कोणी नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं आणि मला राहवेना. मी एसटीनं पिंपळनेरला गेलो, तिथून काळीपिवळीनं भागाबाईच्या गावी. ती विहिरीजवळच्या त्या पट्टीवरच्या खोलीपुढे शेंगा फोडत बसली होती. आता फार म्हातारी, पण नजर शाबूत. "नाना उना!" म्हणाली. सुशीला गेल्याचं तिला कळलं होतं. तिनं डोळे पुसले, चहा ठेवला.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "भागाबाई, तुझा कागद पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होता. मला माहीत होतं. मी तीन दिवस तुला रडू दिलं. अक्काला रडू दिलं. तिला मी कधी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगायला आलोय."

मला वाटलं ती शिव्या देईल. खान्देशातल्या बाईच्या शिव्या मी खाल्ल्या असत्या, बरं वाटलं असतं. ती शेंगा फोडत राहिली.

"माले माहीत शे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"कागद तुनाकडे शे हाई माले तव्हयच माहीत व्हतं. अक्कानी सांगं. गुरुवारलेच."

मी खाली बसलो.

तिनं सांगितलं ते असं. गुरुवारी संध्याकाळी सुशीला पायरीवर तिच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, मावशी, रडू नका, तुमचा कागद आहे. ऑफिसातले कोरे कागद माझ्या ताब्यात असतात, रीम आणली की पंधरा दिवसांत संपते, झेरॉक्स एवढ्या कोण काढतं ते मला ठाऊक आहे. कागद नानांकडे आहे. ते आपल्या हातानं काढतील. मी मागितला तर देतील, पण मी सरळ मागणार नाही. सोमवारपर्यंत नाही काढला तर मीच आणून देईन. तोवर तुम्ही कोणाला बोलू नका.

"मी म्हनं, अक्का, साहेब तुले काढी टाकतीन ना वं," भागाबाई म्हणाली. "तर अक्का म्हने, नाना काढी. दखजो."

विहिरीवर मोटार चालू होती. चहा उतू गेला, भागाबाई उठली, भांडं उतरवलं, परत आली. मी तिथंच.

माझ्या बायकोनं ही गोष्ट एका परक्या बाईला सांगितली. ऑफिसच्या पायरीवर. मी तिच्याबरोबर एकाच रिक्षानं घरी गेलो, एकाच चुलीवरचं जेवलो, पुढं इतकी वर्षं एका छताखाली झोपलो, आणि ती गोष्ट असायची ह्या भागाबाईजवळ. शेंगा फोडताना असायची, पाणी भरताना असायची. मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. इतका, की यंत्राचासुद्धा मला कधी वाटला नव्हता.

मी म्हटलं, "परत सांग. अक्का काय म्हणाली?"

तिनं परत सांगितलं.

"असं नाही. तिचे शब्द सांग. 'नाना काढी' असं तर ती म्हणणार नाही, ती अहिराणी बोलायची नाही. 'ते काढतील' म्हणाली का 'नाना काढतील' म्हणाली? माझं नाव घेतलं का?"

भागाबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. डोळे बारीक करून तिनं आठवून पाहिलं, मनापासून पाहिलं. मग म्हणाली, "इतलं काय माले याद राही, नाना. लई दिन व्हयनात."

"जेवढं आठवतं तेवढं सांग."

तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा ते वेगळं होतं. मी शेवटची गाडी निघेपर्यंत बसलो आणि तिला आणखी दोनदा सांगायला लावलं.